बेरीज पुन्हा पुन्हा का चुकते : एसक्यूएलमधील नल, फंक्शन्स आणि कन्स्ट्रेंट्स

गावच्या दूध संस्थेचे दहा दिवसांचे बिल डेटाबेसमधून काढले की एकूण रक्कम कच्च्या वहीतील बेरजेपेक्षा कमी भरते. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, एखादी दुरुस्ती केली की त्या बिलापुरता फरक मिटतो. आणि पुढच्या बिलाला तोच फरक दुसऱ्याच ठिकाणी पुन्हा डोके वर काढतो. एका संस्थेचे हिशेब वहीवरून पोस्टग्रेस या डेटाबेसवर आणण्याचे काम माझ्याकडे होते, तेव्हा सलग चार बिलांना मी हा अनुभव घेतला. दर वेळी मी क्वेरी बदलत होतो आणि दर वेळी सचिवांना ‘आता बरोबर आहे’ असे सांगत होतो. चौथ्या वेळी एका सभासदाचे दोन पाळ्यांचे पैसे बिलातून गळले, त्यांनी घरी जपून ठेवलेल्या मापाच्या चिठ्ठ्या आणून समोर ठेवल्या, आणि दोष क्वेरीत नसून टेबलाच्या रचनेत आहे हे मला मान्य करावे लागले.

एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेची मूलभूत फंक्शन्स आणि कन्स्ट्रेंट्स (नोंदींवर लावलेले नियम) शिकणाऱ्या बहुतेकांना ही अडचण कधी ना कधी गाठते. सम (बेरीज), काउंट (मोजणी) आणि एव्हीजी (सरासरी) एका धड्यात शिकवले जातात, नॉट नल (रकाना मोकळा चालणार नाही), युनिक (तेच मूल्य दोनदा चालणार नाही) आणि चेक (मूल्याने अट पाळावी) दुसऱ्या धड्यात येतात, आणि या दोन्ही धड्यांना जोडणारा जो दुवा आहे, म्हणजे नल (मूल्य ठाऊक नसल्याची खूण), त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. पुढील विवेचनात आज्ञा आपण तोंडी म्हणतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत लिहाव्या लागतील.

आधी लक्षण नेमके ओळखावे

बेरीज चुकते एवढेच म्हणून भागत नाही. ती कमी भरते की जास्त, हे आधी पाहावे, कारण दोन्हींची कारणे वेगळी आहेत. बेरीज जास्त भरत असेल तर बहुधा जॉइनमुळे, म्हणजे दोन टेबले एकत्र जोडल्यामुळे, ओळी वाढलेल्या असतात. एका सभासदाच्या दहा दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून २० नोंदी आहेत आणि त्याच मुदतीत त्याने पशुखाद्याची दोन पोती उचलली आहेत, असे समजा. संकलनाचे टेबल आणि पशुखाद्याचे टेबल सभासद क्रमांकावर एकत्र जोडले तर २० गुणिले २ म्हणजे ४० ओळी तयार होतात, दुधाची रक्कम दुप्पट होते आणि पशुखाद्याची कपात वीसपट होते. यावर डिस्टिंक्ट लावून सम करणे हा उपाय नव्हे, कारण दोन वेगळ्या पाळ्यांची रक्कम योगायोगाने सारखी असली तर ती एकदाच धरली जाते आणि सभासदाचे पैसे बुडतात. दोन्ही टेबलांची बेरीज सभासदवार आधी स्वतंत्रपणे करावी आणि मगच त्या दोन बेरजा जोडाव्यात.

बेरीज कमी भरत असेल, सरासरी पटत नसेल, किंवा ज्या यादीत निदान दहा-वीस नावे यायला हवीत ती यादी पूर्ण रिकामी येत असेल, तर मात्र संशय नलवर घ्यावा. आमच्याकडे या तिन्ही गोष्टी घडत होत्या.

नल कोठून येतो

सकाळच्या पाळीत वीज गेली की फॅट मोजणारे यंत्र बंद पडते, पण रांगेत कॅन घेऊन उभी असलेली माणसे थांबू शकत नाहीत. म्हणून लिटर लिहिले जातात आणि फॅटचा रकाना मोकळा सोडला जातो. वहीवर हा मोकळा रकाना डोळ्यांना दिसतो आणि बिल करणारा माणूस तेथे थबकून विचारतो. डेटाबेसमध्ये त्याच जागी नल जातो, आणि डेटाबेस थबकत नाही.

नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी अक्षरमालाही नव्हे. ‘येथे मूल्य ठाऊक नाही’ अशी ती खूण आहे. (ओरॅकल या डेटाबेसमध्ये रिकामी अक्षरमाला नल म्हणूनच साठवली जाते, त्यामुळे तेथून दुसरीकडे येणाऱ्यांचा सुरुवातीला गोंधळ होतो.) जे ठाऊक नाही त्याची तुलना कशाशीही केली तरी उत्तर खरे किंवा खोटे येत नाही, ‘अज्ञात’ येते. म्हणूनच ‘व्हेअर फॅट = नल’ असे लिहिले तर एकही ओळ मिळत नाही आणि नवशिका समजतो की टेबलात नल नाहीतच. मीही पहिल्या बिलाला हेच करून निश्चिंत झालो होतो. बरोबर आज्ञा अशी आहे :

सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम संकलन व्हेअर फॅट इज नल;

खरे, खोटे आणि अज्ञात असे तिहेरी तर्कशास्त्र हा कोणा एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचा दोष नाही. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची पद्धत) मांडले, त्याच दशकात तेथेच एसक्यूएल आकाराला आली, १९८६ मध्ये तिला अमेरिकी मानक संस्थेची मान्यता मिळाली, आणि नलची ही वागणूक त्या मानकाचाच भाग आहे. क्रिस डेट यांच्यासारख्या ज्येष्ठ अभ्यासकांनी नलला सातत्याने विरोध केला आहे. तरीही आपल्याला जो डेटाबेस वापरायचा आहे त्यात तो आहे, म्हणून त्याची वागणूक नीट समजून घेणे भाग आहे.

पाच ओळींवर केलेली तपासणी

मोठ्या टेबलावर चूक शोधत बसण्यापेक्षा पाच ओळी बाजूला काढाव्यात आणि कागदावर हाताने बेरीज करून पाहावी, हा मला सर्वांत उपयोगी पडलेला मार्ग आहे. मी घेतलेल्या पाच ओळी साधारण अशा होत्या. समजायला सोपे जावे म्हणून दर सर्वांना लिटरला ३४ रुपये धरला आहे.

सभासद १२ : ८.० लिटर, फॅट ३.८, प्रोत्साहन ८ रुपये
सभासद १७ : ६.५ लिटर, फॅट ४.१, प्रोत्साहन नल
सभासद २३ : १०.० लिटर, फॅट नल, प्रोत्साहन १० रुपये
सभासद ३१ : ७.५ लिटर, फॅट ३.६, प्रोत्साहन नल
सभासद ४० : ४.० लिटर, फॅट नल, प्रोत्साहन ४ रुपये

एकूण दूध ३६ लिटर, त्याचे १,२२४ रुपये, प्रोत्साहनाचे २२ रुपये, म्हणजे देय रक्कम १,२४६ रुपये. आता ‘सम(लिटर * दर + प्रोत्साहन)’ ही क्वेरी चालवली तर उत्तर ७७० येते. सभासद १७ चे २२१ रुपये आणि सभासद ३१ चे २५५ रुपये, मिळून ४७६ रुपये, कोठे गेले याचा शोध घेतला तर दिसते की २२१ मध्ये नल मिळवला की पूर्ण बेरीजच नल होते, आणि सम हे फंक्शन नल असलेली ओळ कोणतीही सूचना न देता वगळते. प्रोत्साहन मिळाले नाही म्हणून दुधाचेही पैसे गेले. ‘सम(लिटर * दर) + सम(प्रोत्साहन)’ असे वेगळे करून लिहिले तर उत्तर १,२४६ येते, आणि दोन क्वेऱ्या गणिताच्या दृष्टीने सारख्या दिसूनही वेगळी उत्तरे का देतात याचा उलगडा येथेच होतो : ओळीच्या आत केलेल्या आकडेमोडीत नल सर्व काही गिळतो, तर ओळींवरून खाली येणाऱ्या बेरजेत तो स्वतःच वगळला जातो.

काउंटचेही तसेच आहे. ‘काउंट(*)’ ओळी मोजते, म्हणून उत्तर ५. ‘काउंट(फॅट)’ भरलेल्या जागा मोजते, म्हणून उत्तर ३. या दोन आकड्यांतील फरक म्हणजेच त्या कॉलममधील नलची संख्या होय. कोणत्याही अहवालाच्या आधी ही दोन्ही मोजणी शेजारी शेजारी काढण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली आहे.

सरासरीत चूक अधिक खोल दडते. ‘एव्हीजी(फॅट)’ तीनच मूल्ये घेते, ११.५ भागिले ३, म्हणजे ३.८३. कोणीतरी सुचवते की नल नको असेल तर कोअलेस वापरून त्याजागी शून्य घाला. तसे केले तर ११.५ भागिले ५, म्हणजे २.३ येते. शून्य फॅटचे दूध कोणाच्याच गोठ्यात निघत नाही, आणि गाईच्या दुधाचा दर ज्या ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या (दुधातील फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांच्या) पायावर ठरतो त्याच्याही खाली ही सरासरी गेली. पण संस्थेला साधी सरासरी नको असते, लिटरच्या प्रमाणात काढलेली सरासरी हवी असते, म्हणून मी ‘सम(फॅट * लिटर) / सम(लिटर)’ असे लिहिले होते. वरच्या संख्येत नल असलेल्या दोन ओळी आपोआप गळाल्या, उरलेल्या तीन ओळींचे ३०.४, २६.६५ आणि २७ मिळून ८४.०५ झाले, खालच्या संख्येत मात्र पाचही ओळींचे ३६ लिटर राहिले. भागाकार आला २.३३. क्वेरी वाचून हा दोष दिसत नाही, कारण क्वेरी अगदी शहाणी दिसते. फॅट मोजलेल्या तीन ओळींचेच २२ लिटर खाली घेतले पाहिजेत, म्हणजे उत्तर ३.८२ येते. त्यासाठी ‘व्हेअर फॅट इज नॉट नल’ ही अट लावावी, आणि अहवालात ‘इतक्या लिटर दुधाची फॅट मोजलेली नाही’ हा आकडा वेगळा दाखवावा. तो दाखवला नाही तर ३.८२ हा आकडा खरा असूनही वाचणाऱ्याची दिशाभूल करतो.

कोअलेस कोठे लावावे आणि कोठे लावू नये

कोअलेस वाईट आहे असे मात्र मुळीच नाही. प्रोत्साहन नल असेल आणि त्याचा अर्थ ‘दिले नाही’ असाच असेल, तर तेथे शून्य धरणे योग्य आहे. एखाद्या सभासदाचा दहाही दिवस खाडा असेल तर त्याच्या नावावर एकही ओळ नसते, आणि एकाही ओळीवर न चाललेले सम शून्य देत नाही, नल देते. तेथे ‘कोअलेस(सम(रक्कम), ०)’ लिहिणेच बरोबर आहे, कारण दूध घातले नाही म्हणजे रक्कम खरोखर शून्य आहे. फॅट मोजली नाही म्हणजे फॅट शून्य आहे असे मात्र नसते. ‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतील हा भेद प्रत्येक कॉलमसाठी वेगळा ठरवावा लागतो, आणि तो ठरवण्याचे काम संगणकावर बसलेल्या माणसाचे नसून ज्यांचा हिशेब आहे त्यांचे असते. न मोजलेल्या पाळीला आधीच्या पाळीची फॅट धरायची की दहा दिवसांची सरासरी धरायची, हे मी सचिवांना आणि संचालकांना विचारले, त्यांनी ठरवले, आणि तसे लिहून घेतले.

खाडा असलेल्या सभासदांची यादी काढतानाही दोन अडचणी येतात. सभासद टेबलाला संकलन टेबल लेफ्ट जॉइनने जोडून ‘काउंट(*)’ घेतले तर दूध न घातलेल्या सभासदापुढेही १ येतो, कारण जॉइनने त्याच्यासाठी एक मोकळी ओळ तयार केलेली असते. तेथे संकलन टेबलातील एखाद्या कधीच रिकाम्या नसणाऱ्या कॉलमचे काउंट घ्यावे, म्हणजे शून्य येईल. आणि तारखेची अट व्हेअरमध्ये लिहिली तर ती मोकळी ओळ त्या अटीत टिकत नाही, सभासद यादीतूनच नाहीसा होतो. ती अट जॉइनच्या ऑन भागात लिहिली पाहिजे.

यादी पूर्ण रिकामी येते तेव्हा

माझी पहिली क्वेरी जॉइनची नव्हती. मी ‘व्हेअर क्रमांक नॉट इन (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम संकलन)’ असे लिहिले होते, आणि उत्तरात एकही नाव आले नाही. गावात खाडा असलेली निदान आठ-दहा घरे मला माहीत होती. शोधल्यावर कळले की एका परगावच्या माणसाने एके दिवशी दूध घातले होते, त्याला सभासद क्रमांक नव्हता, म्हणून त्या एका ओळीत नल होता. समजा, सभासद ७ ची तपासणी चालू आहे आणि यादीत १, २ आणि नल आहेत. डेटाबेस विचारतो : ७ हा १ पेक्षा वेगळा आहे का, खरे, २ पेक्षा वेगळा आहे का, खरे, नलपेक्षा वेगळा आहे का, अज्ञात. तिन्ही उत्तरे ‘आणि’ने जोडली की एकूण उत्तर अज्ञात ठरते, व्हेअर फक्त खरे असलेली ओळच पुढे जाऊ देते, आणि म्हणून सभासद ७ गळतो, त्याच न्यायाने प्रत्येक सभासद गळतो. लाखभर ओळींत एकच नल असला तरी सगळी यादी रिकामी होते. नॉट इनऐवजी नॉट एक्झिस्ट्स वापरले की हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे फक्त जुळणारी ओळ आहे की नाही एवढेच पाहिले जाते. उपक्वेरीत नल येण्याची शक्यता असेल तेथे मी नॉट इन आता अजिबात वापरत नाही.

कन्स्ट्रेंट लावले, तरी नल आत कसा आला

चार बिले हीच गोष्ट मला कळत नव्हती. टेबल तयार करताना मी ‘चेक (फॅट बिट्वीन २ अँड १२)’ असे कन्स्ट्रेंट लावले होते आणि आता चुकीची फॅट आत जाणे अशक्य आहे अशा समजुतीत होतो. ४१ टाइप झाले तर डेटाबेस खरोखर नकार देत असे. मोकळा रकाना मात्र बिनबोभाट आत जात होता.

याचे कारण व्हेअर आणि चेक यांची दारे उलट दिशेने उघडतात. व्हेअर ‘खरे’ असेल तेच आत घेते, म्हणून अज्ञात बाहेर राहते. चेक ‘खोटे’ असेल तेवढेच अडवते, म्हणून अज्ञात आत जाते. फॅट नल असेल तर ‘२ आणि १२ च्या दरम्यान आहे का’ याचे उत्तर खोटे नाही, अज्ञात आहे, आणि चेकच्या दृष्टीने एवढे पुरेसे आहे. तोच नल पुढे व्हेअरमध्ये अडतो आणि बेरजेत वगळला जातो. टेबलाने आत घेतलेली ओळ अहवाल धरत नाही, आणि दोन्हींच्या मधल्या या फटीत सभासदाचे पैसे पडतात. क्वेरी कितीही वेळा दुरुस्त केली तरी ही फट बुजत नाही, कारण उद्या दुसरा कोणी नवी क्वेरी लिहील तेव्हा त्याला ती दिसणार नाही. ती टेबलातच बुजवावी लागते.

फॉरेन की, म्हणजे येथील क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे हा नियम, तीसुद्धा नलला अडवत नाही. सभासद_क्रमांक हा सभासद टेबलाशी फॉरेन कीने बांधला असला तरी तेथे नल असेल तर तपासणीच होत नाही. दोन कॉलमची मिळून फॉरेन की असेल तर दोहोंपैकी एक जरी नल असला तरी सामान्यतः पूर्ण तपासणी सोडून दिली जाते, मग दुसऱ्या कॉलममध्ये अस्तित्वातच नसलेला क्रमांक असो.

युनिकच्या बाबतीत डेटाबेसनुसार फरक पडतो. आम्ही सभासद, तारीख आणि पाळी या तीन कॉलमवर मिळून युनिक लावले होते, म्हणजे एका पाळीची नोंद दोनदा होऊ नये. पण पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट एक नल दुसऱ्या नलसारखा मानत नाहीत, त्यामुळे क्रमांक नसलेल्या परगावच्या माणसाची एकच पाळी दोनदा नोंदली गेली तरी कोणी हरकत घेतली नाही. एसक्यूएल सर्व्हर मात्र नलना परस्परांसारखे मानतो आणि एका कॉलमच्या युनिकमध्ये एकच नल चालवतो. पोस्टग्रेसच्या १५ व्या आवृत्तीपासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ असे लिहून हीच कडक वागणूक मागता येते.

युनिकविषयी आणखी एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कऱ्हाड हे नाव युनिक कॉलममध्ये दोनदा शिरू शकते. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एक स्वतंत्र चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण पोस्टग्रेस सामान्यतः ती वेगळी समजतो. वेगवेगळ्या कीबोर्डांवरून नोंद होत असेल तर हे घडते. पोस्टग्रेस १३ पासून असलेले नॉर्मलाइझ हे फंक्शन दोन्ही रूपे एकसारखी करून देते, आणि त्याच्या जोडीला ट्रिम लावले की शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही निघून जाते.

नियम लिहिला आहे, पण तो चालतच नाही

काहींच्या बाबतीत अडचण याहून साधी असते : कन्स्ट्रेंट लिहिलेले असते, पण डेटाबेस ते पाळतच नाही. मायएसक्यूएल ८.०.१६ या २०१९ मधील आवृत्तीपूर्वी चेक कन्स्ट्रेंट वाचून घेत असे आणि कोणतीही तक्रार न करता सोडून देत असे. जुन्या सर्व्हरवर आजही तसेच घडते, म्हणून आधी आवृत्ती तपासावी. मायएसक्यूएलमधील टेबल मायआयसॅम प्रकारचे असेल तर फॉरेन कीही पाळली जात नाही. ते इनोडीबी प्रकारचे हवे. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते आणि ‘प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन’ ही आज्ञा प्रत्येक नव्या जोडणीच्या वेळी द्यावी लागते; शिवाय साध्या टेबलात लिटरच्या कॉलममध्ये ‘साडेसहा’ असा मजकूर घातला तरी तो स्वीकारला जातो. आवृत्ती ३.३७ पासून टेबलापुढे स्ट्रिक्ट लिहिले की तो थांबतो.

डिफॉल्टवर विसंबणेही धोक्याचे आहे. ‘प्रोत्साहन डिफॉल्ट ०’ लिहिले म्हणजे नल येणार नाही असे वाटते, पण डिफॉल्ट लागू होतो तो इन्सर्टमध्ये त्या कॉलमचा उल्लेखच नसेल तेव्हा. नोंदणीचा फॉर्म प्रत्येक कॉलम पाठवत असेल आणि मोकळ्या रकान्यासाठी स्पष्टपणे नल पाठवत असेल, तर नलच साठवला जातो. आमचा फॉर्म नेमके हेच करत होता. डिफॉल्टच्या जोडीला नॉट नल असले पाहिजे.

टेबलाची दुरुस्ती

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण भरलेल्या टेबलावर थेट नॉट नल लावायला गेले तर जुन्या ओळींतील नलमुळे आज्ञा नाकारली जाते, आणि घाईत माणूस सर्व नल एका अपडेटने शून्य करून टाकतो. असे केले तर कोणते शून्य खरे आणि कोणते बसवलेले हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. आधी बॅकअप घ्यावा. मग प्रत्येक कॉलमसाठी नल असलेल्या ओळींची यादी छापावी आणि कच्च्या वहीशी ताडून पाहावी. आमच्या यादीतील बऱ्याच ओळींची फॅट वहीत सापडली. वीज आल्यावर ती मोजून वहीत लिहिली गेली होती, फक्त संगणकावर चढवायची राहून गेली होती. याच कारणासाठी कच्ची वही इतक्यात बंद करू नका असे मी सचिवांना सांगितले.

त्यानंतर लिटर, दर, तारीख, पाळी आणि सभासद_क्रमांक यांवर नॉट नल लावले. परगावच्या माणसांसाठी सभासद टेबलात ‘किरकोळ’ या नावाची स्वतंत्र ओळ तयार करून तिचा क्रमांक त्या नोंदींना दिला. मात्र एका पाळीला दोन किरकोळ माणसे आली तर युनिक दुसऱ्याला अडवील, म्हणून त्या युनिकमध्ये पावती क्रमांकाचाही समावेश केला, आणि सभासदांच्या दुहेरी नोंदीसाठी किरकोळ वगळून वेगळा युनिक इंडेक्स ठेवला. प्रोत्साहन नॉट नल आणि डिफॉल्ट ०. रकमेचे कॉलम न्युमेरिक(१०,२) केले, कारण फ्लोट प्रकारात पैसे साठवले की ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ येत नाही.

फॅटवर मात्र नॉट नल लावले नाही. वीज जाणारच, यंत्र बंद पडणारच, आणि नॉट नल लावले असते तर घाईच्या वेळी नोंद करणाऱ्या मुलाने काहीतरी आकडा घालून मोकळे व्हायचे ठरवले असते. ठाऊक नसलेल्या मूल्यापेक्षा खोटे मूल्य अधिक घातक असते. त्याऐवजी ‘कारण’ नावाचा कॉलम वाढवला आणि असे कन्स्ट्रेंट लावले :

ऑल्टर टेबल संकलन ॲड कन्स्ट्रेंट फॅट_किंवा_कारण चेक (फॅट इज नॉट नल ऑर कारण इज नॉट नल) नॉट व्हॅलिड;

‘इज नॉट नल’ या तपासणीचे उत्तर नेहमी खरे किंवा खोटेच येते, अज्ञात कधीच येत नाही, म्हणून येथे चेकचे दार खरोखर बंद होते. शेवटचे नॉट व्हॅलिड हे पोस्टग्रेसमधील सोयीचे शब्द आहेत : नव्या ओळींना नियम लगेच लागू होतो आणि जुन्या ओळी तपासण्यासाठी उसंत मिळते. जुनी यादी वहीशी ताडून पूर्ण झाली की ‘व्हॅलिडेट कन्स्ट्रेंट’ चालवावे. कन्स्ट्रेंटला स्वतः नाव द्यावे हे आवर्जून सांगतो, कारण नोंद नाकारली जाते तेव्हा चूक दाखवणाऱ्या संदेशात तेच नाव दिसते, आणि ‘फॅट_किंवा_कारण’ हे वाचून नोंद करणाऱ्याला काय भरायचे राहिले ते कोणालाही न विचारता कळते.

नियम लावले म्हणजे काम झाले असे न समजता प्रत्येक नियम मोडून पाहावा. मी चार चुकीच्या नोंदी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या आहेत : एकीत फॅट आणि कारण दोन्ही मोकळे, दुसरीत सभासद_क्रमांक नल, तिसरीत नसलेल्या सभासदाचा क्रमांक, चौथीत एकाच सभासदाची एकच पाळी दुसऱ्यांदा. चारही नोंदींना डेटाबेसने नकार दिला पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये एक आज्ञा नाकारली गेली की तो व्यवहार (एकत्र चालणाऱ्या आज्ञांचा गट) पुढच्या आज्ञा स्वीकारत नाही, म्हणून प्रत्येक नोंदीसाठी बिगिन (व्यवहार सुरू करणे) आणि रोलबॅक (तो मागे घेणे) वेगळे लिहावेत. चुकून एखादी नोंद स्वीकारली गेली तरी रोलबॅकमुळे ती टेबलात राहत नाही. बॅकअपवरून डेटाबेस नव्या यंत्रावर उभा केला, आवृत्ती बदलली किंवा कोणी टेबलाची रचना हलवली, की पहिले बिल काढण्यापूर्वी ही फाइल पुन्हा चालवावी.